एक वही, अनेक कारकून

बिटकॉइन, इथेरिअम ही नावे आता खेड्यापाड्यांपर्यंत पोचली आहेत. त्यांत पैसे घालावेत का, हा आजचा विषय नव्हे. विचाराल तर मी घालणार नाही. आजचा प्रश्न निराळा. या चलनाची वही कोणा एका पेढीत नसते. तिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर असतात आणि नवे पान खरे की खोटे, हे प्रत्येक संगणक स्वतः ताडून पाहतो. हे काम करते ती आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर. ती सगळीकडे एकच असावी, की नियम तेच ठेवून निरनिराळ्या मंडळींनी वेगवेगळी लिहावी?

शिक्षकबंधूंना हे चटकन उमजेल. चाळीस वह्यांत एकच चूक सापडली, तर चाळीस जणांचे एकमत झाले असे आपण म्हणत नाही. एकाचे बाकीच्यांनी उतरवले, असे म्हणतो. आज्ञावली एकच असली की तिची चूकही अशीच बिनबोभाट खरी ठरते.

२०१६ च्या सप्टेंबरात इथेरिअमवर हल्ला झाला. गेथ ही बहुतेकांची आज्ञावली. ती चालवणारे संगणक कोलमडू लागले. पॅरिटी ही दुसरी मात्र तगून राहिली, म्हणून वही चालू राहिली. पण त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला या दोघींचेच बिनसले. रिकामी खाती पुसण्याचा हिशेब त्यांनी वेगळा केला आणि एका वहीच्या दोन वह्या झाल्या. चूक गेथची निघाली, ती दुरुस्तही झाली. पण तोवर ज्याने मालाचे पैसे घेतले, त्याने ते कोणत्या वहीत जमा धरावेत?

बिटकॉइनचा जनक, सातोशी नाकामोतो हे नाव घेणारा, २०१० मध्येच दुसऱ्या आज्ञावलीच्या विरोधात होता. त्याची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गंमत अशी, की मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनची वही फाटली ती एकाच आज्ञावलीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांमुळे! नवीने घेतलेले पान जुनीने नाकारले. काही तास दोन वह्या चालल्या.

तेव्हा आज्ञावल्या किती, याहून त्यांची वाटणी कशी, हे पाहावे. सप्टेंबर २०२२ पासून इथेरिअममध्ये दोन-तृतीयांश साक्षीदारांनी मान डोलावली की पान कायम होते. तेवढे लोक एकाच सदोष आज्ञावलीवर असतील, तर खोटे पानच कायम व्हायचे. २१ जानेवारी २०२४ रोजी नेदरमाइंड नावाची आज्ञावली चुकली. सुमारे ८ टक्के साक्षीदार अडले, बाकीचे काम चालू राहिले. त्या दिवशी गेथ चुकली असती तर? तिचा वाटा तेव्हा निम्म्याहून पुष्कळ अधिक होता.