बॅटरी थंडीनं मरत नाही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पौष लागला की दर वर्षी एकच तक्रार कानावर येते. तुरीला, हरभऱ्याला, नाहीतर ज्वारीवरच्या माव्याला फवारायला सकाळी निघावं, तर दिवाळीआधी कपाशीत दहा टाक्या मारणारा बॅटरीचा पंप पाच टाक्यांतच धापा टाकतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं : "थंडीनं बॅटरी बसली, नवी घ्या." नवी बॅटरी म्हणजे एका मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी. हा खर्च कापसाच्या भावात कोणी धरतं का? धरत नाही. तो आपल्याच खिशातून जातो. म्हणून या पाच टाक्यांचा हिशोब आज आपण मांडू.

आपल्या बहुतेक पंपांत 12 व्होल्टची, 8 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाम्ल. या दोघांच्या क्रियेतून वीज निघते. थंडीत दही उशिरा लागतं ना? तसंच इथं. गारव्यात क्रिया मंदावते, वीज कमी निघते. पण किती कमी? 25 अंशांना बॅटरी जेवढं काम देते, त्यातलं 10 अंशांना साधारण दहावा हिस्सा कमी होतं. शून्य अंशाला पाचवा हिस्सा. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तसल्या थंडीतही धड बॅटरीनं दहातल्या आठ टाक्या द्यायला हव्यात. मग उरलेल्या तीन टाक्या कोणी खाल्ल्या?

त्या ऑक्टोबरनं खाल्ल्या. कपाशीची शेवटची फवारणी झाली, पंप धुतला आणि बॅटरी उतरलेली असतानाच कोपऱ्यात ठेवला. पुढं वेचणीची धांदल, पंपाकडं कोण बघतो? दोन महिने बॅटरी तशीच पडून राहिली. उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो; महिनोन्महिने राहिला तर घट्ट होतो आणि तेवढी पट्टी कायमची निकामी होते. डिसेंबरात पंप बाहेर काढतो तेव्हा थंडी असते, म्हणून नाव थंडीचं होतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीची तर दुहेरी हानी : उष्णतेनं ती आपोआप लवकर उतरते आणि झिजतेही लवकर.

थंडीनं गेलेली ताकद उबेत परत येते, थरानं गेलेली येत नाही. परीक्षा यातूनच करायची. बॅटरी रात्रभर घरात ठेवून पूर्ण चार्ज करा, दुपारी उन्हं तापल्यावर साध्या पाण्याच्या टाक्या मारून मोजा. आकडा पूर्ण आला तर दोष थंडीचा, बॅटरी बदलू नका. दुपारीही पाचच आल्या तर ती थकली आहे. ड्रिल आणि गवत कापायच्या यंत्रांत लिथियमची बॅटरी असते. तीही गारव्यात मंदावते आणि उबेत सावरते. शून्य अंशाखाली मात्र ती चार्ज करू नये, कायमची बिघडते.

मग करायचं काय? फवारून आलं की त्याच रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची. मधे वीज गेली असेल तर सकाळी चार्जरचा दिवा बघूनच निघायचं. पंप पडून असला तरी महिन्यातून एकदा चार्ज करायचा. थंडीत पंप गोठ्यात न ठेवता घरात ठेवायचा, पण चुलीजवळ नको. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघू शकतो. आणि पहाटे फवारायची घाई नको. पानावर दव असतं तोवर औषध पातळ होऊन ओघळून जातं. दव सुकेपर्यंत थांबलो तर पिकाचंही भलं आणि बॅटरीचंही.

ही गोष्ट केवळ पैशाची नाही. बॅटरी उतरली की दाब पडतो, फवारा जाड होतो, पान नीट भिजत नाही. मग माणूस औषधाचं प्रमाण वाढवतो, नोझल चोंदलं समजून तोंडानं फुंकतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन आपली माणसं गेली, हे विसरायचं नाही. दाब पडला तर काम थांबवा. मात्रा वाढवू नका.

आता विकणाऱ्याकडं वळू. बॅटरीवर 8 अँपिअर-तास लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा वीस तास हळूहळू वीज ओढून काढलेला असतो. आपला पंप तीच वीज तीन-चार तासांत ओढतो, त्यामुळं हाती कमी पडते. हे गिऱ्हाइकाला सांगतं कोण? दुकानात महिनोन्महिने न चार्ज करता पडलेली बॅटरीही नवी म्हणून गळ्यात मारली जाते. म्हणून बॅटरीवरची तारीख बघा, तिथंच पंप चालवून बघा, पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं हमीपत्र घ्या. हमीच्या मुदतीत बिघडली आणि दुकानदार थंडीचं कारण सांगू लागला, तर ऐकून परत फिरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूबद्दल शेतकऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडं दाद मागता येते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं आपापल्या पंपांच्या टाक्या मोजून आणाव्यात : सकाळच्या किती, दुपारच्या किती, बॅटरी कधी घेतली, बिल आहे की नाही. एकट्यानं तक्रार केली तर दुकानदार हसतो. गावोगावचे आकडे हातात घेऊन आपण सगळे गेलो, तर त्याला थंडीचं कारण पुढं करता येणार नाही.