हात बुडवायचे नाहीत, हातावर पाणी ओतायचं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस, गावोगावच्या बालवाड्यांच्या बाई, आणि लेकराला सकाळी अंगणवाडीत सोडून रानात जाणाऱ्या आया आणि आज्या, आजचं हे बोलणं तुमच्याशी आहे. मला विषय दिलाय बालकांच्या आरोग्याचा. तो दहा मिनिटांत मावणारा नाही. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट उचलते: खाऊच्या आधी मुलांचे हात कसे धुवायचे. का धुवायचे, हे तुम्ही सगळ्या जाणता. कसे, एवढंच मी बोलणार आहे, कारण आपलं घोडं अडतं ते तिथंच.

माझं सांगणं एका वाक्यात आहे. मुलाचा हात पाण्यात बुडवायचा नाही, मुलाच्या हातावर पाणी ओतायचं.

अनेक अंगणवाड्यांत काय चालतं, ते आठवून पाहा. खाऊची वेळ झाली की दाराशी एक बादली येते. मुलं रांगेनं येतात, बादलीत हात घालतात, दोन्ही हात खळखळ हलवतात आणि झग्याला नाहीतर चड्डीला पुसत आत पळतात. दहाव्या मुलापर्यंत पाणी गढूळ होतं. विसावं मूल येतं तेव्हा त्याचा हात धुतला जात नाही, आधीच्या एकोणीस मुलांच्या हातांवरचं सगळं त्याच्या हाताला लागतं. घरून कदाचित स्वच्छ हातांनी आलेलं ते लेकरू आपण स्वतः घाण पाण्यात बुचकळून काढतो, आणि वहीत लिहितो की हात धुतले. सेविकाताई, हे आता थांबलं पाहिजे.

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बादलीतलं पाणी आपल्याला पाण्यासारखंच वाटतं. पण दिसेल अशी एक वस्तू आपल्या घरात आहे. हळद. हळद म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. असं समजा की खेळून आलेल्या प्रत्येक मुलाच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद लागली आहे. आता पहिल्या मुलानं बादलीत हात घातला. पाणी किंचित पिवळं. पाचव्यानं घातला, आणखी पिवळं. पंचविसाव्या मुलाच्या हाताला हळद लागलेली नसली, तरी ती त्या बादलीतून लागणार. तो हात त्यानं झग्याला पुसला, झगा पिवळा. त्याच हातानं शेजारणीची वेणी ओढली, वेणी पिवळी. आणि मग तीच बोटं उसळीत गेली. स्वयंपाकात हळद चिमूटभर लागते. ही सगळी चिमूट पोटात गेली.

हे नुसतं समजू नका, एकदा करूनच बघा. चिमूटभर हळद आणि थेंबभर गोडेतेल मुलांच्या तळहाताला चोळा. मग नुसत्या पाण्यानं धुवायला सांगा. हळद हलत नाही, पाणी तेलावरून घसरून जातं. आता साबण लावा. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे तुम्ही पाहिलंय ना? अगदी तसाच मुलांच्या हातावर साबण लालसर होतो. मुलं हरखून जातात आणि लाल फेस बघायला आणखी चोळतात. तेवढंच तर आपल्याला हवंय! साबण तेलकट मळाला धरतो आणि ओतलेल्या पाण्याबरोबर वाहून जातो. धुऊन झाल्यावर मुलांचे हात उलटसुलट करून बघा. पिवळं कुठं राहिलं? नखांत, अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत. रोज जंतूही तिथंच राहतात. तळहातावर राहिलेली फिकट झाक हा रंग आहे, त्याची काळजी करू नका. हळद काढणाऱ्या बायांचे हात कितीतरी दिवस पिवळे दिसतात. पण नखांत राहिलेली हळद म्हणजे तिथं साबण पोचलाच नाही. एवढं एकदा दाखवलंत की चार वर्षांचं पोरसुद्धा बादलीत हात घालणार नाही. उलट, दुसऱ्यानं घातला तर तेच ओरडेल.

साबण कोणता, असं विचारतील कोणी. साधा. पाकिस्तानात कराची शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता. तो 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या घरांना साबण दिला आणि हात धुण्याची सवय लावली, तिथल्या मुलांमध्ये जुलाब निम्म्यावर आले. पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनियाही निम्म्यावर आला. आणि जंतुनाशक म्हणून महाग विकला जाणारा साबण साध्या साबणापेक्षा सरस ठरला नाही. तेव्हा दहा रुपयांची वडी पुरे. ती जुन्या नायलॉनच्या जाळीत घालून खिळ्याला टांगा, म्हणजे मातीत पडत नाही, विरघळत नाही आणि कोणी घरी नेत नाही. करोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात असेल, ती मात्र इथं काढू नका. मातीनं माखलेल्या हातावर तिचा उपयोग होत नाही आणि जंताची अंडी तिनं मरत नाहीत.

चोळायचं किती? वीस सेकंद. घड्याळ नको. एक ते वीस अंक सावकाश म्हणायला लावा. तुम्हाला अंक शिकवायचेच असतात, ते इथं शिकवा.

आता पाणी. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतल्या ताई म्हणतील, बाई, आमच्याकडं टँकर येतो तेव्हा पाणी मिळतं, तुम्ही ओतायचं काय सांगता? ताई, मी जास्त पाणी मागतच नाही. थोडं पाणी हात ओले करायला, मग पाणी बंद, साबण चोळायचा आणि उरलेलं धुवायला. लहान हातांना पेलाभर पाणी पुरतं. पंचवीस मुलांना पंचवीस पेले, म्हणजे पाच-सहा लिटर. हात बुचकळायला तुम्ही जी बादली भरता, त्याच बादलीत हे सगळं बसतं. बादली तीच, पाणी तेवढंच. फक्त त्यात हात जायचा नाही, त्यातून तांब्या बाहेर यायचा. आणि तो तांब्या मोठ्या माणसाच्या हातात असायचा, मुलांच्या नाही. सांडपाणी झाडाला जाऊ द्या.

उलट, जिथं पाण्याला तोटा नाही त्यांना मी जास्त बजावते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे कृष्णेचे पूर पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांनी पाहिले आहेत. पुरात विहिरीत आणि नळाच्या पाण्यात काय काय मिसळतं, ते तिथल्या बायकांना माहीत आहे. तशा दिवसांत एका बादलीतून सगळ्यांचे हात काढणं म्हणजे काविळीला घरोघर पोचवणं.

आता दुसरी गोष्ट. तीही हात धुण्याचीच आहे, पण क्रमाची. आपण आधी हात धुतो, मग मुलं सतरंजीवर बसतात, मग मदतनीसताई वाढायला घेते. त्या पाच-सात मिनिटांत मुलांचे हात कुठं असतात? जमिनीवर, चपलेवर, नाकात. धुतलेलं सगळं तिथंच गेलं. म्हणून आधी ताटल्या वाढा, त्यांच्यावर झाकण घाला, आणि मग मुलांना चार-चार करून हात धुवायला न्या. हात धुतले की लगेच जोडायचे, जोडलेल्या हातांनीच जागेवर यायचं, श्लोक म्हणायचा आणि खायचं. जोडलेला हात जमिनीला लागत नाही. श्लोक तुम्ही म्हणतच असता; त्याला फक्त हात धुण्याच्या पाठोपाठ आणून ठेवा.

आपल्या या भागाला स्वच्छता शिकवावी लागू नये. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आणि गावंच्या गावं हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरली. त्याच्याही कितीतरी आधी, 1945 साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला लहान मुलांचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांची स्वच्छता हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. गाणी-गोष्टींच्या आधी हातपाय, नखं, केस. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली, ती त्यांच्यानंतर तीस वर्षांनी. गाव झाडून लख्ख केलेल्या आपल्याला पंचवीस जोड्या हात का जमू नयेत?

आणि हे जमलं नाही तर तुमचीच मेहनत वाया जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज पुरेशा कॅलरी आणि पुरेशी प्रथिनं मिळावीत, असं ठरलेलं आहे. तुम्ही शिजवता, वाढता, वजन घेता, नोंदवता. पण पोटात जंत असले तर त्या ताटलीत वाटेकरी असतो. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला जंतनाशक दिन असतो, तुम्ही मुलांना गोळी देता. गोळीनं आत असलेले जंत जातात. मातीत पडलेली अंडी तशीच राहतात. ती पुन्हा पोटात जातात ती नखांतून आणि बोटांतून. गोळी वर्षातून दोनदा, हात मात्र रोज. म्हणून पुन्हा सांगते, रोज, साबणानं, आणि ओतलेल्या पाण्याखाली. बुडवून नाही.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची, जतकडची कुटुंबं कारखान्यांभोवती कोप्या करून राहतात. त्यांची लेकरं तुमच्या अंगणवाडीत आली तर त्यांना शेवटी, वेगळं उभं करू नका. त्यांच्या कोपीत पाणी लांबून आणावं लागतं, हा काही त्या लेकरांचा दोष नाही. तांब्यातून ओतलेल्या पाण्याला पहिला हात आणि शेवटचा हात असा फरकच नसतो. ओता म्हणते, त्याचं हेही एक...

निवेदिकाताई वेळ संपत आल्याची खूण करताहेत. पुसण्याचं राहिलं. सगळ्यांना मिळून एक पंचा ठेवू नका, तो बादलीचाच भाऊ. हात झटकून वाऱ्यावर वाळू द्या. नखांबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं, ते आता होणार नाही. आयांनो, दर रविवारी घरी नखं कापा, एवढंच सांगते.

उद्या सकाळी एवढं करा. ताटल्या वाढून झाका. साबण जाळीत घालून टांगा. तांब्या मदतनीसताईंच्या हातात द्या. बादलीत एकाही मुलाचा हात जाऊ देऊ नका. आणि हे ऐकणाऱ्या आई-आजींनो, उद्या पोराला सोडायला जाल तेव्हा दारातली बादली बघा, आणि ताईंना विचारा, भांडायला नाही, मदत करायला, की तांब्या आहे का? नसेल तर आपल्या घरचा एक देऊन या.