आडनाव : नेपाली

(वस्तीतल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



परदेशात राबणाऱ्या कामगारांवर बोल, असं मला सांगितलंय. परदेश म्हटलं की आपली पोरं लगेच दुबई-कतारवर येतात. एवढं लांब कशाला जायचं? आमच्या गल्लीत एक पोरगी राहते. वय बावीस. गाव नेपाळच्या पार पश्चिमेला, अछाम जिल्ह्यात. तिच्यासाठी मुंबई हाच परदेश हाय.

अछामचे बाप्ये पिढ्यान्पिढ्या मुंबईला येतात, आता बायापण येतात. धनगढीहून गौरीफंट्याची हद्द ओलांडायची आणि चालू पडायचं. व्हिसा नाय, कामाचा परवाना नाय. १९५० च्या भारत-नेपाळ करारानं रस्ता खुला ठेवलाय. रस्ता खुला, बाकी सगळं बंद. रेशनकार्ड नाय, युनियन नाय, मालकानं पगार बुडवला तर विचारणारा कुणी बाप नाय. गोदीत कंत्राटावर राबताना आम्ही निदान मुकादमाच्या नावानं चार शिव्या तरी देतो. ती कुठल्या भाषेत देणार?

तिला नावानं कुणी हाक मारत नाय. बिल्डिंगीत ती ‘कांची’. गेटवरचा तिचा भाऊ ‘बहादूर’. त्याच्या आधीचा वॉचमनही बहादूर, पुढचाही बहादूरच असणार. आपल्या आज्याला पाटलानं कधी सरळ नावानं हाक मारली होती का? आठवा.

ती एका म्हातारीला सांभाळते. उठवायचं, धुवायचं, भरवायचं, वर सगळ्या घराचा स्वैपाक. त्याच घरात माझी मावशी संडास धुते. मावशीचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला. ही मात्र देवघरात पाणी भरते! मालकिणीचं गणित सोपं हाय : नेपाळी म्हंजे हिंदू, नेपाळी म्हंजे इमानदार, आणि नेपाळी म्हंजे आपल्या गावच्या जातीच्या हिशेबात न बसणारी. परदेशी असण्याचा तिला मिळालेला हा एवढाच फायदा.

आता तिचं आडनाव ऐका. नेपाली.

इथं ऐकणाऱ्याला वाटतं पोरीनं देश सांगितला. तिकडं हेच आडनाव सांगितलं की समोरचा अर्धं पाऊल मागं सरकतो. कारण नेपाळात हे आडनाव बहुतेक करून दलितच लावतात. जात झाकायला देशाचं नाव घेतलं, तर च्यायला, देशाचं नावच जातीचं होऊन बसलं!

ती दमाई. कपडे शिवणारी, लग्नात वाजवणारी जात. बदल्यात हंगामाला धान्य. त्याला तिकडं बालीघरे म्हणतात. आपलं बलुतंच की! १८५४ साली जंगबहादूर राणाच्या राजवटीत ‘मुलुकी ऐन’ निघाला. त्यात जातींची उतरंड कायद्यानं लिहून काढली. सगळ्यात तळाला कोण? ज्यांचं पाणी चालत नाय, आणि ज्यांना शिवलं तर अंगावर पाणी शिंपडावं लागतं ते. कामी, सार्की, दमाई. आपल्याकडं मनूची पोथी होती, तिथं सरकारी कायदाच. तो १९६३ पर्यंत चालला. २०११ साली अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदा झाला. आणि २३ मे २०२० ला पश्चिम रुकुमच्या सोती गावात एक दलित पोरगा वरच्या जातीच्या मुलीला आणायला मित्रांना घेऊन गेला, तर गावानं दगडं घेऊन त्यांना भेरी नदीपर्यंत पळवलं. सहा पोरं मेली. खैरलांजी ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको.

बाई म्हणून वेगळंच. तिच्या गावाकडं पाळीत बाईला गोठ्यात, झोपडीत काढायची चाल. छाउपडी. साप चावून, धुरानं गुदमरून पोरी मेल्या, तेव्हा कुठं २०१७ साली तो गुन्हा ठरला.

आणि तरी ही पोरगी म्हणते, “मेरो देश.”

आमच्यातला एक शहाणा कार्यकर्ता तिला म्हणाला, “त्या देशानं तुला दिलं काय? बाबासाहेबांनी १९३१ साली गांधींना तोंडावर सांगितलं होतं, मला मायभूमी नाही म्हणून.” खरं हाय. पण ते देशाच्या मालकांना सुनावलेलं होतं. म्हणून बाबासाहेबांनी देश मालकांच्या घशात घातला नाय, त्याची घटना लिहिली. ही पोरगी त्याच वाटेवर हाय, फक्त तिला कुणी व्यासपीठ दिलं नाय.

तिच्या देशात राजा नाय. तो २००८ सालीच गेला. तिच्या देशात बापाचा दमाहा हाय, तो मोठा ढोल, ज्याच्याशिवाय वरच्यांचं लग्न शोभत नाय आणि जो वाजवणाऱ्याला मांडवात जागा नाय. ती म्हणते, “दाजु, बाजा आमचा, सूर आमचा, मग देश त्यांचा कसा?” सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तिच्याच वयाची पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या खाल्ल्या, सरकार पाडलं. रात्रभर मोबाइलला चिकटून होती. सकाळी सहाला म्हातारीची औषधं द्यायला गेली.

आणि पैसा? नेपाळच्या उत्पन्नाच्या चौथाईच्या आसपास रक्कम बाहेर राबणारे पाठवतात. त्यात हिची दरमहाची मनिऑर्डर हाय. पण तेच सरकार बायांना काय देतं? बंदी! २०१२ साली तिशीच्या आतल्या बायांना आखातात घरकामाला जायला बंदी केली, २०१७ साली घरकामाला कुणीच जायचं नाय असं केलं. बाया थांबल्या का? दिल्ली-मुंबईच्या वाटेनं चोरून गेल्या, आणि दलालाचं फावलं.

त्याआधीची गोष्ट याच मुंबईची. फेब्रुवारी १९९६. कुंटणखान्यांवर धाडी पडल्या, शंभरावर नेपाळी पोरी सुटल्या. त्यांच्या सरकारनं कागद नाहीत म्हणून त्यांना घ्यायला टाळाटाळ केली. मग संस्थांनी त्यांना परत नेलं. त्यातल्याच पोरींनी ‘शक्ती समूह’ काढला. स्वतः विकल्या गेलेल्यांनी स्वतः चालवलेली संघटना. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देश घ्यायला तयार नव्हता, पोरींनी देश घेतला.

आता आपलं. भीमजयंतीला ही पोरगी आपल्या स्वैपाकात पुऱ्या लाटत होती. कुणी म्हणालं बुद्ध आपला. ती मान वर न करता म्हणाली, “बुद्ध नेपालमा जन्मेको.” पोरं हसली. का हसलात रे? लुंबिनीत अशोकाचा खांब १८९६ साली सापडला, त्यावर कोरलंय. आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये, नागपूरच्या दीक्षेला महिना उलटत नाही तोवर, मरणाच्या दारात असलेले बाबासाहेब बौद्ध परिषदेला काठमांडूला गेले. तेव्हा तिथं तो जातींचा कायदा लागू होता. तिच्या आज्याला शिवलं तर पाणी शिंपडत होते.

जयंतीच्या वर्गणीच्या यादीत तिचे शंभर रुपये हायत. नाव लिहून पुढं कुणीतरी कंसात ‘नेपाळी’ असं घातलंय. तो कंस खोडा. ते आडनाव हाय.