तेलाच्या देशाला विकलेला गहू
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजच्या ठरावांत एक ठराव असा आहे, की आखातातल्या तेलवाल्या देशांशी सरकारने थेट करार करावा, आपला कांदा-तांदूळ एकाच सरकारमान्य कंपनीमार्फत तिकडे जावा आणि बदल्यात तेल यावे. ऐकायला गोड आहे. त्यांना अन्न पाहिजे, आपल्याला तेल पाहिजे, मधे व्यापारी नको. करार करण्याला आमचा विरोध नाही. आमचा अडसर आहे तो 'एकाच कंपनीमार्फत' या शब्दांना. असा व्यापार एका देशाने करून पाहिलेला आहे, त्याची हकिकत आधी ऐका.

तो देश ऑस्ट्रेलिया, आणि त्याचे गिऱ्हाईक इराक. ऑस्ट्रेलियात 1939 साली गहू मंडळ स्थापन झाले. महायुद्धानंतर कायदाच झाला, की देशाबाहेर गहू जाईल तो याच मंडळाच्या हातून. शेतकऱ्याने गहू मंडळाकडे टाकायचा, सगळ्यांचा गहू एकत्र, विक्री एकत्र, खर्च वजा जाऊन उरेल त्याची पट्टी हप्त्याहप्त्याने घ्यायची. 1999 मध्ये मंडळाची कंपनी झाली, एडब्ल्यूबी. भागधारक शेतकरीच. निर्यातीची मक्तेदारी मात्र तशीच राहिली. तिथल्या पुष्कळ शेतकऱ्यांना हे पसंत होते, हेही सांगितले पाहिजे. एकट्यादुकट्याने परदेशी खरेदीदारापुढे उभे राहण्यापेक्षा हे बरे, असा त्यांचा हिशेब होता.

आता इराककडे वळू. 1990 च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनने कुवेत घेतले आणि संयुक्त राष्ट्रसंघाने इराकवर व्यापारबंदी घातली. लोकांचे फार हाल झाले. शेवटी 1996 च्या डिसेंबरपासून 'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना सुरू झाली. इराकने तेल विकायचे, पैसा संयुक्त राष्ट्रसंघाच्या खात्यात जमा व्हायचा आणि अन्न-औषध देणाऱ्याला त्या खात्यातून पैसे मिळायचे. सद्दामच्या हाती रोकड पडू नये म्हणून ही सगळी तजवीज. या योजनेत सर्वात जास्त माल विकणारी एकटी कंपनी होती एडब्ल्यूबी. गव्हाची जहाजे हिंदी महासागर ओलांडून उम्म कस्र बंदराला लागत.

1999 साली इराकच्या धान्य मंडळाने एक नवी अट काढली. बंदरापासून आतल्या जिल्ह्यांपर्यंतच्या वाहतुकीचे पैसे विकणाऱ्याने द्यावेत, आणि ते जॉर्डनमधल्या आलिया नावाच्या कंपनीला द्यावेत. सुरुवातीला टनाला 12 डॉलर, म्हणजे क्विंटलला सव्वा डॉलरच्या आत. पुढे हा आकडा टनाला 50 डॉलरच्या वर गेला. नंतर त्यावर 'विक्रीपश्चात सेवा' म्हणून आणखी दहा टक्के. गव्हाला विक्रीपश्चात सेवा कसली, असे कोणी विचारले नाही! आलियाने गव्हाचे एक पोतेही वाहिले नाही. आपले थोडे कमिशन ठेवून बाकीचा पैसा ती इराक सरकारला पोचवत होती.

तुम्ही म्हणाल, मग हा पैसा एडब्ल्यूबीने पदरचा घातला का? नाही. तेवढी रक्कम गव्हाच्या भावातच चढवली आणि वाहतुकीसह भाव म्हणून बिल लावले. आपल्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशा ओळी असतात ना, तशी ही एक ओळ. फरक एवढाच, की आपल्याकडे ती शेतकऱ्याच्या नावे पडते, तिथे ती इराकच्या जनतेच्या नावे पडली. तेल त्यांचे, त्या तेलाच्या पैशातून रेशनचा गहू यायचा, आणि त्यातलाच हिस्सा त्यांच्याच हुकूमशहाच्या खिशात जायचा. अशा रीतीने ऑस्ट्रेलियन चलनात सुमारे 29 कोटी डॉलर गेले.

कुणकुण नव्हती असे नाही. 2000 सालीच कॅनडाकडून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत तक्रार गेली होती. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने कंपनीलाच विचारले, कंपनी म्हणाली असे काही नाही, विषय मिटला. गहू विकणारी कंपनी एकच, मग पडताळून कोणाशी बघणार?

2003 मध्ये सद्दाम गेला, योजनाही संपली आणि कागद बाहेर आले. 2005 च्या ऑक्टोबरात व्होल्कर समितीचा अहवाल आला. हे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने गाजले. त्याच अहवालात तेलाच्या बाजूचे लाभार्थी म्हणून नाव आल्याने नटवरसिंग यांना परराष्ट्र खाते सोडावे लागले. आरोप त्यांनी नाकारला होता. ऑस्ट्रेलियात कोल आयोग बसला. कंपनीने संयुक्त राष्ट्रसंघाला फसवले, असे त्याने 2006 मध्ये स्पष्ट लिहिले. मंत्र्यांवर मात्र त्याने ठपका ठेवला नाही.

आणि शेतकरी? मालक म्हणून त्याच्या हातात जो भाग होता त्याची किंमत घसरली. इराकने या कंपनीशी व्यवहार थांबवला. 2008 मध्ये मक्तेदारीचा कायदा गेला, 2010 मध्ये कंपनीच कॅनडातल्या ॲग्रियमने विकत घेतली. माजी अध्यक्षांना दंड झाला तो 2017 साली, 50 हजार डॉलर.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना यातले काही नवे वाटणार नाही. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे. हद्दीपलीकडे चांगला भाव असताना आपलाच कापूस चोरासारखा रात्री न्यावा लागत होता. तेही मंडळ शेतकऱ्याच्या भल्यासाठीच होते.

मक्तेदारी गेली म्हणजे ऑस्ट्रेलियात रामराज्य आले असेही नाही. धान्याची कोठारे आणि बंदरांवरचे धक्के थोड्या कंपन्यांच्या हातात आहेत, त्यांच्या आकाराबद्दल तिथे तक्रारी होतात. पण आता गहू घ्यायला एकापेक्षा जास्त गिऱ्हाइके दारात येतात, आणि एकाचा भाव दुसऱ्याशी ताडून बघता येतो.

म्हणून आमची दुरुस्ती अशी: 'एकाच सरकारमान्य कंपनीमार्फत' हे शब्द काढावेत. त्याजागी लिहावे, की करार सरकारने करावा, माल कोणालाही पाठवता यावा, आणि प्रत्येक सौद्याचा भाव, वाहतूक व कमिशन यांचा तपशील शेतकऱ्याला मागितल्यावर मिळावा. मूळ ठराव मांडणाऱ्या तालुक्यांनी यावर बोलावे. जेवणाच्या सुट्टीआधी मत घ्यायचे आहे.