दोन्ही खांद्यांवरचा पदर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकलेली मी बाई. एखाद्या थोर स्त्रीवर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी जिजाऊंवर नाही तर सावित्रीबाईंवर बोलेन असे पुष्कळजणींना वाटले असेल. त्यांच्याविषयी आपण दर वर्षी ऐकतो, आणि ऐकावेच. पण मी आज लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण यांच्याविषयी बोलणार आहे. मागच्या सतरंजीवर कोणी तरी हसले, ते मला ऐकू आले.

आपल्या मावळात लावणी म्हटली की आधी आठवते ती भाताची. आषाढातल्या पावसात आपण गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावतो. तेव्हा पदर कमरेला खोचलेला असतो, लुगडे पोटरीच्या वर असते, आणि त्याला कोणी नाव ठेवीत नाही. गाण्यातली लावणी मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवली. माझ्या माहेरी रेडिओ होता. त्यावर लावणी लागली की चुलीपुढून आजी ओरडायची, "बंद कर गं ते!" मी बटण फिरवी, पण अगदी सावकाश फिरवी.

सुलोचनाबाईंच्या लहानपणीही तेच. त्यांचा जन्म मार्च १९३३ मधला. मुंबईच्या गिरगावातली फणसवाडी हे त्यांचे घर, माहेरचे आडनाव कदम. घरात फोनो होता. वत्सलाबाई कुमठेकरांच्या एका लावणीची तबकडी त्यांना फार आवडे, आणि ती लावणी सारखी गुणगुणल्याबद्दल त्या आईची बोलणी खात. मुलीच्या जातीने लावणी गुणगुणायची म्हणजे काय! घरचाच श्रीकृष्ण बाळमेळा होता, त्यात त्यांनी लहानपणी कामे केली. मग कोवळ्या वयातच त्या हिंदी चित्रपटांसाठी गाऊ लागल्या, के. सुलोचना या नावाने. रीतसर गाणे त्या कोणापाशी शिकल्या नव्हत्या. जे शिकल्या ते कानाने.

चित्रपटातली त्यांची पहिली लावणी 'हीच माझी लक्ष्मी' या १९५१ च्या चित्रपटातली. संगीत वसंत देसाई यांचे, आणि पडद्यावर हंसा वाडकर. पुढे 'कलगीतुरा' चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांची ओळख झाली आणि १९५३ मध्ये त्या चव्हाणांच्या घरी आल्या. इथे मला फार नवल वाटते. ज्या काळी लग्न झाले की बाईचे गाणे स्वयंपाकघरात जायचे, त्या काळी या नवऱ्याने बायकोला लावणी शिकवली. कोणत्या शब्दावर वजन द्यायचे, कोणता शब्द सोडून द्यायचा, कुठे किंचित थांबायचे, हे त्यांनी समजावले. सुलोचनाबाई नेहमी सांगत की माझे गुरू माझे यजमानच.

मग १९६२ साली 'रंगल्या रात्री अशा' आला. जगदीश खेबुडकरांनी चित्रपटासाठी लिहिलेली पहिली लावणी, वसंत पवारांची चाल आणि सुलोचनाबाईंचा आवाज. त्या कोल्हापूरच्या मिरचीचा ठसका अजून गेलेला नाही. १९६४ चा 'सवाल माझा ऐका' आणि १९६५ चा 'मल्हारी मार्तंड' यांतली गाणी तर आपल्या जत्रेत कर्ण्यावर वाजलेली तुम्ही सगळ्यांनीच ऐकली आहेत, घरात ऐकली नसली तरी. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. पद्मश्री मिळायला मात्र २०२२ साल उजाडले. त्याच वर्षी १० डिसेंबरला, नव्वदीला टेकल्या असताना, त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण नामांकित ढोलकीवादक. घरात लावणी शिरली की घर बिघडते म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

आता पदराचे सांगते. सुलोचनाबाई माइकपुढे उभ्या राहत त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. हात नाही, डोळा नाही, कंबर तर नाहीच. जे काय असेल ते आवाजात. एखाद्या अक्षरावर नुसता हेलकावा देत, आणि ऐकणाऱ्याला वाटे समोर कोणी मुरका मारला. त्यामुळे घराघरातली माणसे म्हणू लागली, "बाई किती सोज्वळ!" मीही तेच म्हणत आले.

पण हे भाषण तयार करताना मन अडखळले. आपण बाईंचे गाणे वाखाणतो की पदर वाखाणतो? तीच लावणी एखादी तमाशातली बाई फडात नाचून म्हणते, तेव्हा आपण तोंड फिरवतो. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई घ्या. पोटात कळा येत असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असे सांगतात. २००२ साली त्या गेल्या, आणि आता सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देते. हळदीकुंकवाला मात्र अशा बाईला आपल्यापैकी कितीजणींनी बोलावले असते? मी बोलावले नसते. खरे तेच सांगते.

आणि आणखी एक खरे सांगायचे आहे. गेल्या वर्षी याच कार्यक्रमात आपल्या वाडीतल्या नववीतल्या एका मुलीला सुलोचनाबाईंची लावणी म्हणायची होती. तिने पुष्कळ तयारी केली होती. चारचौघींनी नको म्हटले, आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. तिच्याऐवजी भक्तिगीत ठेवले. पोर काही बोलली नाही, वही मिटून घरी गेली. वर्षभर ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

परवा मी तिच्या घरी गेले. आईने चहा केला, पोर बाहेर यायला तयार नव्हती. शेवटी आली. मी म्हटले, "बाळ, या वर्षी म्हणशील का?" तिने विचारले, "काकू, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा का?" मी म्हटले, "तुला गायला सोयीचे पडेल तसा घे."

ती आत तयार होऊन बसली आहे. ढोलकीवाले दादाही आले आहेत. पुढे बसलेल्यांनी जरा सरकून जागा करावी, आणि दाराजवळच्या कोणी तरी तिला हाक मारावी.