द्वारकेला उतरणाऱ्या लेकींसाठी

गावोगावच्या बचत गटांतल्या ताई, मावशी, वहिनींनो, आम्ही नाशिकच्या द्वारका भागात राहणाऱ्या सहा-सात जणी. कोणी शिवणकाम करते, कोणी डबे देते, एक जण अंगणवाडीत आहे. आमची माहेरं तुमच्यासारखीच खेड्यातली.

द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात तो चौक. चांदवड-पिंपळगावकडून येणारी असो की सिन्नरकडून, कितीतरी माणसं इथेच उतरतात. कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत इथे एक चित्र हमखास दिसतं. पाठीला सॅक, एका हातात अंथरुणाची वळकटी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि चेहऱ्यावर गोंधळ. कॉलेजला नंबर लागलेली गावाकडची लेक! वडील बरोबर असले तर ते संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. मग ती एकटी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ओळखीतल्या अशा मुलींसाठी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला. कागद कोणते लागतात, खोली कुठे मिळेल, सिटीलिंकची कोणती बस कुठे जाते, असं सगळं त्यावर सांगायचो. मुलगी आली, खोलीवर पोचली, की आम्हांला वाटायचं, झालं आपलं काम.

ते तसं नव्हतं, हे आम्हांला एका पोरीनं शिकवलं. चांदवडकडची होती. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, हुशार. आली, राहिली, आणि चौथ्या आठवड्यात कोणाला न सांगता बॅग घेऊन घरी गेली. आम्हांला महिन्यानं कळलं. फोन केला तर आई म्हणाली, "ती म्हणते मला जमत नाही. आता स्थळं बघतोय." पोरीशी बोललो तेव्हा उलगडलं. वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं, काही कळायचं नाही. विचारलं तर हसतील म्हणून गप्प. वर्गाच्या ग्रुपवर सूचना यायच्या, त्या अर्ध्या समजायच्या. आणि घरी फोन केला की सगळे एकच विचारायचे, "अभ्यास करते ना?" ती "हो" म्हणायची. आम्हीही ग्रुपवर तेवढंच विचारलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. ती तुम्हांला सांगतो, कारण यातलं निम्मं काम गावात बसून तुम्हीच करू शकता.

पहिलं काम निघण्याआधीचं. निकालाची वाट न बघता कागद गोळा करा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, लागत असेल त्यांना नॉन-क्रिमीलेअर. तहसीलात किंवा सेवा केंद्रात यांना दिवस लागतात. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर शिष्यवृत्ती अडकते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांना माहीत नसते. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं मुलींना मोठी सवलत दिली आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुली, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, व्यावसायिक अभ्यासक्रम आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून, असं असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. "पैसे नाहीत" म्हणून घरी बसवण्याआधी हे विचारून घ्या.

खोलीचे पैसे मात्र जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाठवू नका. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीच्या वडिलांनी फोटो बघून डिपॉझिट भरलं, आणि त्या पत्त्यावर खोलीच नव्हती. अशी फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे परत मिळणं कठीण. आता आमच्यातली एक जण आधी जाऊन खोली बघते आणि व्हिडिओ कॉलवर आईला दाखवते. संडास-बाथरूम, दाराची कडी, घरमालकीण, सगळं.

दुसरं काम आल्यानंतरचं, आणि तेच मोठं. पहिले दीड-दोन महिने आम्ही प्रत्येक मुलीमागे एक जण ठरवतो. दर रविवारी फोन. ग्रुपवर नाही, तिचा तिला. अभ्यासाचं शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, जेवलीस का, झोप लागते का, वर्गात कोणाशी बोललीस, या आठवड्यात काय समजलं नाही. "सगळं बरंय" असं दोनदा तुटक उत्तर आलं, की आम्ही डबा घेऊन खोलीवर जातो. वर्गाच्या ग्रुपवरची सूचना समजली नाही तर तिनं फोटो काढून आम्हांला पाठवायचा. मागच्या वर्षीच्या मुली मराठीत समजावून सांगतात. त्यांना विचारायला नवीला लाज वाटत नाही, कारण त्याही अशाच अडखळल्या होत्या.

सीनियर मुलांच्या ग्रुपवर घालूनपाडून बोलणं, रात्री-अपरात्री हुकूम सोडणं, ऐकलं नाही तर वाळीत टाकणं, हे सुद्धा रॅगिंगच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अशा छळाबद्दल कॉलेजांना बजावलं आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रारीचा फुकट नंबर १८००-१८०-५५२२. मन फारच खचलं असेल तर टेलीमानसचा १४४१६. तातडीच्या मदतीला ११२. हे नंबर मुलीच्या मोबाईलमध्ये आणि आईच्या वहीत, दोन्हीकडे हवेत.

मैत्रिणींनो, तुमच्याकडून आम्हांला हवंय ते एवढंच. पुढच्या मासिक बैठकीत विचारा, यंदा आपल्या गावातून कोणाकोणाच्या लेकी शिकायला बाहेर चालल्या आहेत? त्यांची यादी करा. प्रत्येकीमागे गटातली एक बाई ठरवा. जिच्याकडे साधा फोन आहे तिलाही हे जमतं, कारण यात लागतो तो आवाज. आणि त्या मुलीच्या आईला सांगा, पोर रडली तर "परत ये" असं पहिल्या रडण्याला म्हणू नको, आणि "सहन कर" असंही म्हणू नको. "काय झालं ते सांग" एवढं म्हण.

त्या चांदवडकडच्या पोरीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही तिच्या घरी गेलो. दोनदा चहा पिऊन परत आलो, तिसऱ्यांदा वडील बोलले. कॉलेजात परत पाठवायला ते तयार झाले नाहीत. मग आम्ही मुक्त विद्यापीठाचा विषय काढला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशिकलाच आहे, घरी राहून शिकता येतं आणि अभ्यासाची पुस्तकं मराठीत आहेत. तिनं बी.ए.ला नाव घातलं. आता दुसऱ्या वर्षाला आहे. स्थळं बघणं तूर्त थांबलंय.

आणि दर रविवारी आमच्या दोन नव्या मुलींना ती फोन करते. पहिला प्रश्न तिचा ठरलेला असतो, "आज वर्गात काय कळलं नाही, ते आधी सांग."