पठाणी होल्याचा प्रवास

वीसेक वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली होती. आमच्या गावच्या घरासमोरच्या बाभळीवर होल्यांची एक जोडी राहायची. चार काटक्या आडव्यातिडव्या टाकून केलेले घरटे, त्यात दोन पांढरी अंडी आणि दिवसभर तीच तीन सुरांची हाक. सारे जग हिंडायला निघाले तरी हा पक्षी अंगण सोडत नाही, अशा अर्थाची ती कविता. एका संमेलनात ती वाचली. नंतर जीवशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक जवळ आले आणि म्हणाले, "कविता छान आहे हो, पण पक्षी चुकला. तुमचा होला इंग्लंडला जाऊन पोचलाय."

मला वाटले, सर थट्टा करताहेत. ती थट्टा नव्हती.

मानेमागे काळी कड असलेल्या या पक्ष्याला मराठीत पठाणी होला म्हणतात. (माझे नाव ऐकून 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारणाऱ्यांना मी हल्ली हाच पक्षी दाखवतो. नाव पठाणी, घर बाभळीवर.) युरोपात १८३८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले, ते आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह शहरातल्या पक्ष्यांवरून. पुढची नव्वदेक वर्षे युरोपात तो बाल्कन प्रदेशातच राहिला. साधारण १९३० नंतर मात्र वायव्येकडे सरकू लागला आणि हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी, हॉलंड करत १९५५ साली त्याने इंग्लंडच्या नॉर्फोकमध्ये पिल्ले काढली. बेलग्रेडपासून तिथवरचे अंतर सोळाशे किलोमीटरांहून जास्त आहे. नंतर १९७४ साली बहामा बेटांवर पिंजऱ्यातून काही होले निसटले. आज त्यांचे वंशज अमेरिकेच्या बहुतेक भागांत दाणे टिपताना दिसतात.

मग माझी कविता खोटी होती का? अगदीच नाही. जोडी एकदा बसली की सहसा जागा सोडत नाही. दूर जातात ती पिल्ले, पंख फुटल्यावर पहिल्या वर्षी. घरकोंबडे आईबाप वर्षातून तीन-चार, कधी त्याहून जास्त वेळा दोन-दोन अंडी घालतात आणि पोरे परमुलखात जाऊन पुन्हा घरकोंबडी होतात. वाढ घरात, पांगणे पोरांचे. दोन्ही मिळून पसरण होते.

हे 'दोन्ही मिळून' सरांनी मला फार छान समजावले. नुसती वाढ असेल तर ते विरजणासारखे. भांड्यातले दूध लागले की संपले. नुसते पांगणे असेल तर पाण्यात टाकलेला शाईचा थेंब. पसरत पसरत इतका विरळ होतो की दिसेनासा होतो. दोन्ही असतील तर वणवा. वणव्याच्या मध्यभागी राख असते, जोर सगळा कडेला. आणि ती कड जवळजवळ ठरल्या वेगाने पुढे जाते.

गणिताशी माझे नाते शाळेतच संपले, तरी एक उदाहरण मनात बसले. प्रागजवळ १९०५ साली मस्करॅट नावाच्या प्राण्याच्या पाचेक नरमाद्या एका जमीनदाराने सोडल्या. हा अमेरिकेतला, पाण्याकाठी बिळे करणारा, उंदराच्या कुळातला जीव. काही दशकांत त्यांनी मध्य युरोप व्यापला. स्केलम नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९५१ साली त्यांच्या पसरण्याचे नकाशे घेऊन हिशेब मांडला. दर काही वर्षांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ काढले, तर आलेख सरळ रेषेत आला. म्हणजे संख्या पटीने वाढत असली तरी वर्तुळाची त्रिज्या दरवर्षी सारखीच पुढे सरकत होती. आतली जागा भरलेली, तिथे आणखी वाढीला वाव नाही. वाव फक्त कडेला. पसरण्याचा वेग वाढ आणि पांगणे यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो, हे फिशरने १९३७ सालीच दाखवले होते. त्यामुळे वाढ चौपट झाली तरी वेग दुप्पटच होतो. आणि दोन्हींपैकी एक शून्य, तर वेगही शून्य.

हे सगळे मी ऐकले आणि विसरलो असतो. पण आमच्या गावात गाजर गवत आहे. पुण्यातल्या या गवताची शास्त्रीय नोंद १९५६ साली छापली गेली आणि आता ते देशभर आहे. एका झाडाला हजारो बिया, वजनाला काहीच नाहीत. वाऱ्याने, ओढ्याच्या पाण्याने, ट्रकच्या चाकांच्या चिखलाने, चाऱ्यातून जातात. माझ्या थोरल्या भावाच्या हातांना त्याने कित्येक वर्षे खाज आणि पुरळ येतो. उन्हाळ्यात बिचारा झोपत नाही.

एका पावसाळ्यात गावाने श्रमदान केले. ओढ्याकाठचे मोठे दाट रान दोन दिवस खपून उपटले, फोटो निघाले, भजी झाली. बांधावरची, एसटी थांब्यामागची, शाळेच्या कुंपणालगतची दोन-दोन चार-चार झाडे कुणी पाहिलीसुद्धा नाहीत. मीही नाही. दिवाळीपर्यंत त्या प्रत्येक जागी ताटवा झाला होता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "कड मोजा. एका मोठ्या वर्तुळापेक्षा तेवढ्याच जागेतल्या दहा लहान वर्तुळांची कड कितीतरी जास्त भरते, आणि पसरते ती कडच." अशी सुटी, नवी ठिकाणे आधी संपवणे हे मोठ्या रानाशी झुंजण्यापेक्षा फायद्याचे, असे मूडी आणि मॅक या अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ साली हिशेब करून दाखवले आहे. मोठे रान सोडून द्या असे नाही; पण सुरुवात तिथून करू नका.

आता गावी गेलो की सकाळी फिरताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून मी ही एकटी झाडे उपटतो. फुले येण्याआधी, मुळासकट. भाभी म्हणते, "इतकं रान पडलंय, आणि तुम्ही एकेक झाड काय शोधत बसता?" भाऊ मात्र काही बोलत नाही. थांब्यामागे मी परवा तीन झाडे चुकवली होती, ती त्यानेच काठीने दाखवली.